आसरोळीची राकसांची चावडी

माझ्या नणंदेने, मालूताईंनी, फोटो पाठवला होता तो नवरा-नवरीचा. मी मात्र त्यांच्या मागची भिंतच बघत बसले. काळ्या घडीव दगडाची भिंत, त्यात बुटकी कमान, आणि कमानीखाली पुरुषभर उंच जोतं. एवढं उंच जोतं चार खांबांच्या लहानशा इमारतीला कशासाठी? मी लगेच फोन लावला.

"ती होय? ती राकसांची चावडी," मालूताई म्हणाल्या. "आसरोळीत आमच्या दिरांची सासुरवाडी आहे ना, तिथली. बघायची असेल तर लवकर ये बाई. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती पाडायचा ठराव होणार आहे. तिथे हॉल बांधतायत."

मी सांगलीची. आयटीआयमध्ये मुलामुलींना इमारतींचे नकाशे काढायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून जुन्या दगडी इमारतींची मापं घ्यायची आणि घरी येऊन नकाशा काढायचा, एवढा एकच नाद उरलाय. धर्मशाळा, बारव, नदीचे घाट, वेशी. बहुतेकांचा बांधणारा कोण ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि मला तेच खुपतं. दगड एवढा नीट घडवणाऱ्याचं नाव कुणीच कसं लक्षात ठेवलं नाही? या चावडीचं तरी मी शोधून काढणारच, असं मी घरात जाहीर करून टाकलं. आमचे हे माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "जा. पण वर चढू नकोस." मी टेप, ओळंबा आणि आलेखाचे कागद पिशवीत टाकले. वर चढणार नाही, असं काही मी म्हटलं नाही.

कर्जत, भिसेगाव

मालूताईंचं घर भिसेगावात. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्या ज्वारीच्या भाकरीसाठी रडल्या होत्या, असं सासूबाई सांगायच्या. आता त्याच मला तांदळाची भाकरी शिकवत होत्या.

"पीठ उकडून घ्यायचं, सुमे. तुझ्या ज्वारीसारखं नुसतं थापलंस तर तव्यावर फुटंल."

माझी फुटलीच. वालाच्या बिरड्याबरोबर ती फुटकी भाकरी मी निमूट खाल्ली. वाल सोलून सोलून मालूताईंची बोटं हिरवट झाली होती. आमच्याकडे थंडीत हरभऱ्याचं जे कौतुक, ते इकडे वालाचं. भात निघाला की त्याच ओलीवर वाल येतो, वेगळं पाणी लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याचा हा हिशेब ऐकून मला नवल वाटलं.

"पाऊस काय, येतो आणि जातो," त्या म्हणाल्या. "डोंगरावरून धो धो उतरतो आणि खाडीला जाऊन मिळतो. आसरोळीला मार्चनंतर टँकर येतो, माहितीये?"

मला माहीत नव्हतं.

आसरोळी

खोपोलीच्या शिळफाट्यावर आम्ही चहा घेतला आणि सहा आसनी रिक्षात शेवटचे प्रवासी म्हणून अंग चोरून बसलो. हायवे मागे पडला. फार्महाऊसच्या कमानी, बंद फाटकं आणि त्यांच्यापलीकडे कापणी झालेली भाताची खाचरं. रस्ता डोंगराला जवळजवळ टेकतो तिथे गाव. आणि गावाच्या तोंडाशीच ती.

फोटोत दिसली त्याहून ती लहान होती आणि फोटोत दिसली त्याहून देखणी. चौकोनी इमारत. चारही बाजूंना दोन-दोन कमानी, आत चार खांब, भिंतीला बसायला दगडी ओटे. चुन्याचा मागमूस नाही, दगडावर दगड असा बसलेला की सांध्यात नख जाऊ नये. जोत्याच्या कडेला बैलाच्या मानेच्या उंचीला भोकं पाडलेले दगड बाहेर आले होते, दावं ओवता येईल असे. जोत्याच्या दर्शनी बाजूला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, दगडाचं एक लहान तोंड बाहेर आलेलं.

"ते राकसाचं नाक," मागून कुणी तरी म्हणालं.

त्या इंदूबाई, मालूताईंच्या दिरांची मेहुणी. आमचा मुक्काम त्यांच्याकडेच होता. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. डोक्यावरचा हंडा न उतरवता त्यांनी मला सगळा इतिहास सांगितला. राकसांनी एका रात्रीत ही चावडी बांधायला घेतली. दगड डोंगरावरून फेकत आणले. सगळं झालं, शेवटचा दगड तेवढा छपरात बसवायचा होता, तर कोंबडं आरवलं. राकस पळाले. तो दगड राहिला तो राहिलाच.

"बगा की आत जाऊन. वर भोक हाय."

पायऱ्या चढून आत गेले. खरंच, छताच्या बरोब्बर मधोमध सुपाएवढं गोल भोक होतं आणि त्यातून उन्हाचा खांब खाली सिमेंटच्या कोब्यावर पडला होता. भोकाच्या कडा मी खालून निरखल्या. गोल घासलेल्या, एकसारख्या. पळणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं, राक्षसाचंही नव्हतं.

"पावसात काय होतं इथे?"

"व्हणार काय? सगळं पानी आत. बांदनारा येडाच व्हता म्हना."

तेवढ्यात सरपंचबाई आल्या. वैशाली नाव, तिशीच्या आतबाहेर, पायात बूट आणि हातात फोन. मालूताईंनी माझी ओळख करून दिली. वैशालीने माझ्या हातातला टेप पाहिला आणि ती सरळ मुद्द्यावर आली.

"ताई, राग मानू नका. तुमी दोन दिवस ऱ्हानार, फोटो काढनार, जानार. आमच्याकडं पावसाळ्यात कुनाचं लग्न निघालं तर मांडव घालायला जागा नाय. बचत गटाच्या बाया माझ्या पडवीत बसतात. गावठाणात मोकळी जागा हीच. आनि ही कुनाची म्हनून विचारलं तर कुनाचीच नाय. कागदावर नाय, देव नाय आत. मंग?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण वर्गात पहिल्या बाकावर बसून उलटे प्रश्न विचारणाऱ्या मुली मला नेहमीच आवडत आल्या.

"सभेपर्यंत मला मापं घेऊ द्याल?" मी विचारलं.

"घ्या की," ती म्हणाली. "मापं घ्यायला कोन नाय म्हनतंय?"

छपरावर

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईंचे यजमान नामदेवभाऊ यांनी शिडी लावली. मालूताई खाली उभ्या राहून मला शिव्या आणि देवाला साकडं एकाच दमात घालत होत्या. वर वाळलेल्या शेवाळाचा थर होता. पहिल्याच पावलाला मी घसरले आणि बसल्या बसल्या थेट भोकाच्या दिशेने निघाले. नामदेवभाऊंनी पदर धरला म्हणून थांबले. कोपर सोललं, चष्म्याची काडी वाकली. पण घसरण्याचा एक फायदा झाला. मी कुठल्या दिशेला घसरले, ते मला कळलं.

मी बाहेरच्या बाजूला घसरायला हवं होतं. इकडची सगळी घरं बघा, उतरती कौलं, पाणी झटकन अंगणात फेकणारी. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून आम्ही सपाट धाबी घालायचो. पण धुवांधार पावसाच्या या मुलखात छप्पर आतल्या बाजूला उतरतं करणारा गवंडी मी ऐकला नव्हता. मी बाटलीतलं पाणी एका कडेला ओतलं. ते रांगत रांगत भोकात गेलं. दुसऱ्या कडेला ओतलं, तेही गेलं. चारही बाजूंना तेच. टेप आणि ओळंबा लावून पाहिलं तर चारही उतार सारखे.

वेड्याच्या हातून चूक होते, मान्य. पण चूक चारही बाजूंनी सारखी होत नाही. त्याला पाणी आतच हवं होतं.

मग ते जायचं कुठे? मी खाली उतरले आणि जोत्याभोवती फिरले. उंच जोतं आणि त्यात, जमिनीपासून वर पण आतल्या फरशीपेक्षा खाली, ते राकसाचं नाक. भरीव जोत्यातून कुणी पन्हळ काढत नाही. नाकात मी वाळलेली काडी सारली. ती अडखळली, पण आत गेली. अख्खी.

मी तशीच, हाताला रक्त आणि पदराला शेवाळ, वैशालीच्या घरी गेले.

"जोतं पोकळ आहे," मी म्हटलं. "आत पाण्याचं टाकं आहे. छपराचं पाणी भोकातून त्यात पडायचं आणि भरून वाहिलं की नाकातून बाहेर यायचं. मधला कोबा फोडायला हवा."

ती ताटावरून उठली नाही. घास संपवला, पाणी प्यायली.

"तो कोबा पंचायतीच्या पैशातून झालाय. तुमच्या सांगन्यावर फोडू?"

"हो."

"आनि काय नाय निगालं तर?"

मी कोपराचं रक्त पदराने टिपलं.

"मंग असं करू," वैशाली म्हणाली. "फोडा. पन काय नाय निगालं, तर उद्या सभेत तुमीच उभं राहून सांगायचं, ही पाडा म्हनून. तुमच्या तोंडून."

मालूताईंनी माझा दंड दाबला. मी हो म्हणाले. सबंध आयुष्यात मी एकही इमारत पाडा म्हटलेलं नाही.

पहार

दुपारपर्यंत निम्मं गाव जमलं. नामदेवभाऊंनी भोकाखालच्या जागेवर पहार घातली. कोबा पातळच होता. त्याखाली मातीचे आणि शेणाचे थर, पिढ्यानपिढ्या सारवलेले. त्याखाली दगड. झाडून बघितला तर मोठी अखंड फरशी आणि तिच्या मधोमध गोल दगडी बूच.

गलका झाला. तिघांनी मिळून पहारीने बूच उचकटलं. आतून कुबट, थंड वास आला. सगळे पुढे झुकले. मी टॉर्च मारला.

चिखल. फरशीपासून हातभर खाली, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, सुकून भेगाळलेला चिखल. पाण्याचा थेंब नाही.

"हात् तिच्या! गाळच निगाला की," एक जण म्हणाला, आणि लोक पांगू लागले. मी जवळच्या ओट्यावर बसले. माझा तर्क बरोबर होता आणि तरीही मी हरले होते, असं काहीसं वाटत होतं. टाकं होतं, पण ते कुणाच्या काय उपयोगाचं?

इंदूबाई मात्र गेल्या नव्हत्या. त्यांनी कुंपणाची एक लांब काठी ओढून आणली आणि भोकातून खाली सोडली. वरची खपली फुटली आणि काठी लोण्यात जावी तशी जात राहिली. त्या दाबत राहिल्या. काठीचं वरचं टोक हाताशी आलं तेव्हाच थांबल्या.

"वैशाले, ये गं हिकडं," त्यांनी हाक मारली. "ही काठी धर."

वैशालीने काठी वर ओढून आपल्या शेजारी उभी धरली. गाळाची खूण तिच्या डोक्याच्याही वर होती. तिने हात उंच करून त्या खुणेला बोट लावलं. मग काठी भिंतीला टेकवून निघून गेली.

संध्याकाळी इंदूबाईंच्या वावरात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवतात. आमच्या हुरड्याची ही लांबची बहीण. शेंगांना त्या पाल्याचा जो कडवट सुवास लागतो, तो मी अजून विसरलेले नाही. पण त्या दिवशी मी शेंगा सोलून नुसत्या ठेवत होते. गाळ निघाला म्हणजे काही निघालं की काहीच निघालं नाही? उद्या मी काय बोलायचं होतं?

"काय व्हायचं ते होईल," मालूताई म्हणाल्या. "अंडं खा."

ग्रामसभा

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या अंगणात सभा बसली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. आमच्या सांगलीकडच्या गावांत सभेला बायका कोपऱ्यात दाटून बसतात. इथे त्या पुढे बसल्या होत्या, सरपंच बाई असल्यामुळे असेल.

पाडण्याचा विषय आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी राकसाच्या वस्तूला हात लावू नका, गावावर येईल, असं बजावलं. एका तरुणाने हॉलचं इस्टिमेट कधीच झालंय म्हणून सांगितलं. मग वैशालीने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, बोला."

मी उठले. रात्रभर जुळवलेली वाक्यं तोंडाशी आली आणि एकही खरं वाटेना. मग जे ठाऊक होतं तेवढंच बोलले.

"ही कुणी बांधली ते मला कळलं नाही. बाहेर बैल बांधायचे दगड आहेत, आणि वाट सरळ घाटाकडे जाते. त्यावरून वाटतं, घाट चढण्याआधी इथे तांडे थांबत असतील. पण हा माझा अंदाज. टाकं गाळाने भरलंय. गाळ काढल्यावर त्यात पाणी टिकेल की भेगांतून निघून जाईल, तेही मला सांगता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ज्याने हे बांधलं त्याने तुमचा पाऊस पाहिला होता आणि तुमचा उन्हाळाही पाहिला होता."

मी वैशालीकडे वळले. "काल तुम्ही अट घातली होती. काही निघालं की नाही, ते तुम्हीच ठरवा. नाही म्हणालात तर मी आत्ता इथेच 'पाडा' म्हणते."

तेवढ्यात मागून इंदूबाईंचा आवाज आला. "राकसांनी बांदली आसंल तर राकसिनीच पानी भरत आसतील. त्यांनीच सांगितलं आसंल, बाबा रं, घरात टाकी कर, माझी मान मोडली."

बायकांच्या बाजूने जो हशा उठला तो पुरुषांकडे पोचेपर्यंत त्यांनाही हसावं लागलं. वैशाली हसली नाही. ती उभी राहिली.

"मी हॉलच्या नावावर निवडून आले. हॉल व्हनार. पळून नाय जात मी. पन एप्रिलात टँकरमागं हंडे घेऊन पळताना मी पडले व्हते, सगळ्यांना ठावं हाय. पोटात पोर व्हतं." तिने चावडीकडे हात केला. "एक पावसाळा. गाळ काढू, बगू. नाय टिकलं पानी तर पुढल्या सव्वीस जानेवारीला मी सवता पयली पहार मारंन. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

बायकांचे हात आधी वर गेले. मग नामदेवभाऊंचा, मग एकेक करत पुरुषांचे. त्या तरुणाने शेवटपर्यंत हात वर केला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं घेऊन तोच सगळ्यांच्या आधी आला होता. बुचाच्या तोंडातून आत उतरण्याइतका बारीक तोच होता.

मी आणि मालूताई एक दिवस जास्त राहिलो. घमेली हातोहात पुढे द्यायच्या रांगेत मलाही जागा मिळाली. तो गाळ काळाभोर आणि मऊ होता. इंदूबाईंनी तो पहिला स्वतःच्या वालात नेऊन टाकला.

एप्रिलात

पुढच्या वर्षी एप्रिलात मी पुन्हा गेले. मधल्या काळात काय काय झालं ते फोनवर कळत होतं. गाळ निघाल्यावर एका भिंतीत मोठी भेग दिसली. ती बुजवायला दोन प्रयत्न लागले. पावसात पहिल्यांदा टाकं भरलं आणि आठवड्यात निम्मं रिकामं झालं. मग वैशालीने भर पावसात, वर ताडपत्री धरून, भेग पुन्हा बुजवून घेतली. श्रावणात तिने एक व्हिडिओ पाठवला. दगडाच्या त्या तोंडातून पाण्याची धार पडत होती आणि मागे गावातली सगळी माणसं एकाच वेळी बोलत होती. काही कळत नव्हतं. मी तो मालूताईंना पाठवला, त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मी पोचले तेव्हा गावची विहीर आटलेली होती. टँकर अजून येतोच, पिण्यासाठी. टाक्याचं पाणी पिऊ नये असं तपासणीत सांगितलंय. पण धुणंभांडी आणि गुरंढोरं त्यावर निभतात. टँकरमागे पळताना मी कुणाला पाहिलं नाही. हंडे ओळीने लावलेले होते आणि बायका सावलीला ओट्यांवर बसून गप्पा मारत होत्या.

बांधणारा कोण ते अजून कळलेलं नाही. खोपोलीचं जुनं दगडी तळं पाहिलं, घाटाची वाट चालून आले, वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांशी बोलले. कुणी पांडव म्हणतं, कुणी वंजारी, कुणी राकस. शोधणं मी सोडलेलं नाही. पण पूर्वी ज्या रागाने शोधायचे तो राग आता राहिला नाही.

वैशाली मला शाळेमागच्या उंचवट्यावर घेऊन गेली. एका घराने हॉलसाठी जागा दिली होती, चावडीला लागूनच, थोडी वरच्या अंगाला. तिने माझ्या पिशवीतून टेप काढला, टोक स्वतः धरलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"नकाशा तुमी काढायचा," ती म्हणाली. "इंजिनेराला मी दाखवीन. म्हनंन, असाच पायजे."

आम्ही लांबी मोजली, रुंदी मोजली. मी कागदावर आकडे लिहून घेतले. मग विचारलं, "छपराचं पाणी कुठल्या बाजूला सोडू?"

वैशालीने कपाळावरचा घाम पुसला, खाली चावडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"हे काय इचारनं झालं, ताई?" ती म्हणाली. "पन्हळ खाली टाक्याला काढा."

मी जोत्याची रेघ आखायला घेतली.